कापसाच्या गावची मी, लोकरीच्या देशात

डिसेंबरात नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला सूर्य दहाच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी अडीचला मावळतोसुद्धा. मधल्या वेळातही तो डोक्यावर येत नाही, समोरच्या टेकड्यांच्या कडेकडेने सरकतो आणि जातो. अमळनेरहून फोन आला की मावशी असो नाहीतर काकू, प्रश्न एकच: "इतला अंधारमा तुम्ही करतंस तरी काय?" आम्ही विणतो. मी सूत कातते, आणि विणतो घरातले सगळेच. नॉर्वेचा हिवाळा मला आवडतो तो या कामामुळे. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण कापूस पिकवणाऱ्या माणसांपर्यंत ते लगेच पोहोचेल असं मला वाटतं.

इथे कोणीही कुठेही विणताना दिसतं. ट्राममध्ये, दवाखान्यात नंबरची वाट बघताना, विद्यापीठात प्राध्यापक शिकवत असताना. ऑफिसच्या मीटिंगमध्ये समोरची बाई मोज्याची टाच वळवत असते आणि चर्चेतला एकही मुद्दा तिच्याकडून सुटत नाही. कोणाला त्यात बेअदबी वाटत नाही. शाळेत हस्तकलेचा विषय मुलगा-मुलगी सगळ्यांना सक्तीचा, त्यामुळे माझा मुलगा सुलट-उलट टाके शाळेतच शिकला. त्याने पहिली विणली ती कानटोपी, आणि ती जळगावला मामाला पाठवली. २०१३ च्या नोव्हेंबरात एनआरके या इथल्या सार्वजनिक वाहिनीने तर आख्खी रात्र विणकाम थेट दाखवलं होतं. मेंढीची लोकर कातरली, तिथल्या तिथे सूत कातलं आणि स्वेटर विणून पूर्ण केला. आठ तासांहून जास्त वेळ लागला. लोक जागून बघत होते.

घरातली संध्याकाळ लोखंडी शेगडीभोवती जाते. तिच्यासाठी बर्चची लाकडं वसंतातच फोडून, रचून ठेवायची आणि उन्हाळाभर वाळू द्यायची. खिडकीत कागदाची चांदणी आणि सात दिव्यांची त्रिकोणी दिवठाणी लावतात, पडदे ओढत नाहीत, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही उजेड मिळतो. मी शेगडीच्या निखाऱ्यांवर वांगी भाजते. आपल्याकडच्या हिरव्या-पांढऱ्या भरताच्या वांग्यांची सर इथल्या काळ्या वांग्यांना नाही, आणि शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास तर इथे यायचाच नाही. तरी कळण्याच्या भाकरीचं पीठ घरून आलेलं असलं की त्या रात्री थंडी बाहेरच राहते.

विणणाऱ्या माणसाजवळ बसण्यात एक सुख आहे, ते मला इथे कळलं. हात गुंतलेले असतात, त्यामुळे मोबाइल लांब राहतो. नजर अर्धी टाक्यांवर असते, त्यामुळे समोरच्याला बोलणं सोपं जातं. डोळ्यांत डोळे घालून विचारलं तर मुलं गप्प होतात. माझा मुलगा शाळेतलं, मित्रांमधलं जे काही मला सांगतो, ते बहुतेक मी बाही विणत असताना.

ट्रॉनहाइमपासून गाडीने तासाभरावर सेल्बू नावाचं गाव आहे. तिथे १८५७ साली मारित एमस्टाड ही तरुण मुलगी आणि तिच्या बहिणी स्वतः विणलेले हातमोजे घालून चर्चला गेल्या. काळा आणि पांढरा असे दोन रंग, आणि हाताच्या पाठीवर आठ पाकळ्यांचं फूल. तोवर गावात असं कोणी पाहिलं नव्हतं. थोड्याच वर्षांत ते फूल गावभर झालं, मग देशभर. लग्नात पाहुण्यांना हातमोजे द्यायची तिथे रीत होती, त्यासाठी नवरीकडच्या बायका महिनोन्महिने विणत बसायच्या. पुढे हेच हातमोजे विकून अडचणीच्या काळात अनेक घरं चालली. आज गावाच्या नगरपालिकेच्या बोधचिन्हावर तीच फुलं आहेत. एका गावाने आपली खूण म्हणून बायकांच्या हातचं विणकाम निवडावं, हे मला फार मोठं वाटतं.

तिथल्या संग्रहालयात मी एका हातमोज्याची उलटी बाजू बघायला मिळते का म्हणून विचारलं. खरी कारागिरी तिथेच असते. दोन रंगांत विणताना जो रंग पुढे नसतो त्याचा धागा मागून चालत राहतो. तो फार लांब सैल राहिला तर बोट त्यात अडकतं, म्हणून दर काही टाक्यांनी तो अडकवून घ्यावा लागतो. सगळीकडे ओढ सारखी हवी, घट्ट झाली की पुढचं फूल आक्रसतं. त्या जुन्या हातमोज्याची आतली बाजू बाहेरच्याइतकीच नेटकी होती. आणि हे नुसतं शोभेसाठी नव्हतं: मागून चालणाऱ्या धाग्यामुळे कापड दुहेरी होतं, हात जास्त ऊबदार राहतो.

लोकरीशी आपल्या भागाची ओळख आहे ती ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांमुळे. साक्रीकडून त्यांचे वाडे निघाले की शेतात मेंढ्या बसवायला माणसं वाट बघायची. त्या लोकरीची घोंगडी विणायची, तिच्या सुताला चिंचोक्याची खळ द्यायची. कोकराच्या पहिल्या लोकरीची, म्हणजे जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ. आपली दख्खनी मेंढीची लोकर भरड, अंगाला टोचणारी. नॉर्वेत लोकर थेट अंगाला लावतात. तान्ह्या बाळाच्या झबल्यापासून म्हाताऱ्यांच्या बनियनपर्यंत सगळं लोकरीचं, आणि पाळणाघरातली मुलं लोकरीत गुंडाळून बाबागाडीत बाहेर थंड हवेत झोपवतात. पहिल्यांदा ते बघून माझा जीव वर-खाली झाला होता. पण लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पिऊनही ओली लागत नाही, आणि तिच्या तंतूंच्या वळणांत हवा अडकून राहते. घाम आला, बर्फ पडला, तरी आतलं बाळ कोरडं.

सूत कातायला मला शेजारच्या आजींनी शिकवलं. त्या शेतावरून शरदातली कातरलेली लोकर आणतात. नीट कातरली असेल तर ती एकसंध निघते, जमिनीवर पसरली की मेंढीचा आख्खा आकार दिसतो. स्पेलसाऊ जातीच्या इथल्या मेंढीला दोन थर असतात: वर लांब, चकचकीत केस, जे पाऊस निथळून टाकतात, आणि खाली बारीक, मऊ लोकर. दोन्ही हाताने वेगळे करता येतात. काम करताना बोटांना लोकरीतलं मेण लागतं, संध्याकाळी हात मऊ झालेले असतात. मग तारांच्या दातांच्या दोन फळ्यांमध्ये लोकर पिंजून तिचे पेळू, म्हणजे कातायच्या सैल वळकट्या, करायचे.

त्यांचा चरखा पायाने चालतो. दोन्ही हात मोकळे, पीळ पडत जातो आणि सूत त्याच वेळी रिळावर गुंडाळलं जातं. आपल्या चरख्यात एक हात चाक फिरवतो, दुसऱ्या हाताने पेळू मागे ओढत न्यायचा, हातभर धागा झाला की थांबून तो चातीवर, म्हणजे चरख्याच्या टोकदार लोखंडी काडीवर, घ्यायचा. फरकाचं एक मोठं कारण तंतूत आहे. आपला कापूस जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा, लोकरीचा तंतू त्याच्या कितीतरी पट लांब. आखूड तंतू एकमेकांना धरून ठेवायचे तर पीळ भरपूर हवा आणि ओढ अगदी हलकी. म्हणून चाती बारीक आणि वेग जास्त.

आजींना नवल वाटलं ते माझ्या बोटांचं. ओढण मला आधीपासूनच येत होती. ती वातींमुळे. माझी आजी दुपारची कामं आटोपली की ओसरीवर बसून वाती वळायची, चातुर्मासात तिचा लाख वातींचा नेम असे. घरच्याच कपाशीचा कापूस, सरकी हाताने काढलेली. चिमटीतला कापूस ती इतका हलकेच ओढायची की तंतू एकमेकांवरून सरकायचे पण सुटायचे नाहीत, आणि नेमक्या त्या क्षणी तळहाताचा पीळ त्यांना पकडायचा. कातण्याचं सगळं कसब त्या बोटभर जागेत आहे. पीळ लवकर चढला तर गाठ बसते, उशीर झाला तर धागा तुटतो. आजीच्या मांडीला टेकून मी शेकडो वाती वाकड्या वळल्या असतील. तुटली की ती म्हणायची, "तुटनं ते तुटनं, जोडी ले." आता शेजारच्या आजींच्या घरी माझ्या वळलेल्या कापसाच्या फुलवाती तेलात तेवतात. त्यांनी कापसाचं बोंड याआधी हातात घेतलेलं नव्हतं. मी नेलेल्या बोंडातून त्यांनी एकेक सरकी काढली आणि ती टाकून न देता खिडकीतल्या बशीत जपून ठेवली.

धाग्याची ताकद या दोन्ही मुलखांनी पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना लोक निषेध म्हणून लाल विणलेल्या टोप्या घालायला लागले, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये त्या टोप्यांवर बंदी आली. त्याच्या थोडीच वर्षं आधी, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. नेहरू अध्यक्ष होते, मंडप-कमानींची सजावट नंदलाल बोस यांची, आणि तिथल्या खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनासाठी गांधीजी स्वतः आले होते. आजीचे वडील तिथून टकळी घेऊन आले असं ती सांगायची. घरात काळोख पडला की ते गोठ्याच्या दाराशी उभ्या उभ्या सूत काढायचे. शेजारच्या आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या आईच्या लाल टोपीबद्दल सांगायला सुरुवात केली आणि आमचा चहा गार झाला.

मागच्या महिन्यात माझा स्वेटर कापण्यापर्यंत आला. हो, कापण्यापर्यंत. नॉर्वेत दोन रंगांचा स्वेटर आधी गोल सुईवर पोत्यासारखा सरळ विणत नेतात, बाह्यांसाठी जागा सोडत नाहीत. अंग पूर्ण झालं की जिथे बाही येणार त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी शिलाई मशीनवर बारीक टीप मारायची आणि मधून सरळ कात्री चालवायची. टेबलावर स्वेटर पसरला, दिवा जवळ ओढला, मुलगा श्वास रोखून बघत होता. कात्रीच्या पहिल्या दोन घासांत कडेला धाग्यांची टोकं उभी राहिली, पण एकही टाका खाली धावला नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात. गुळगुळीत सुती धाग्यावर हे करायला मी धजणार नाही. कापलेल्या कडेवर बाहीचे टाके उचलले तेव्हा मुलाने विचारलं, "मी पण कापू?" दुसरी बाजू त्याने कापली.

या सगळ्यात मला सतत एक गोष्ट खटकते. आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या कपाशी आहे, पण घरच्या कापसाचा धागा मी कधी पाहिला नाही. वेचला, पोती भरली, ट्रॅक्टरमधून जिनिंगला नेला, रांगेत रात्र काढली, ओलावा जास्त म्हणून भाव कमी लागला, आणि संपलं. क्विंटलभर कापसातून साधारण तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईची १७० किलोची गाठ बांधली की ती कुठल्या गावची होती हे कोणी विचारत नाही. पूर्वी निदान गिरण्या होत्या, अमळनेरला प्रताप मिल, जळगावला खान्देश मिल. भोंगा ऐकून लोक घड्याळ लावायचे, गावातल्या कापसाचं कापड गावातच होतंय हे डोळ्यांना दिसायचं. सेल्बूकडचा शेतकरीही लोकर विकतोच, तिथेही प्रत लावूनच पैसे मिळतात. पण दोन-चार चांगल्या मेंढ्यांची लोकर तो घरासाठी बाजूला काढतो. त्याच्या नातवाच्या पायात मोजे कुठल्या मेंढीचे आहेत हे त्याला माहीत असतं. हातसुतावर कापसाच्या शेतकऱ्याचं पोट भरेल असं मी म्हणत नाही. पण शंभर पोत्यांतलं एक पोतं घरासाठी राहायला हवं, पोरांनी बोंडापासून धाग्यापर्यंतची वाट एकदा स्वतःच्या बोटांनी चालायला हवी, असं मला फार वाटतं.

जानेवारीत मी अमळनेरला येते आहे. शेवटची वेचणी चालू असेल. काकांना सांगून ठेवलं आहे की एक पोतं जिनिंगला घालू नका. पिंजायच्या फळ्या आणि टकळ्या मी घेऊन येते, दुपारी ओसरीवर बसू, भाचरं येतील, शेजारपाजारच्या ज्यांना यायचं त्यांनी यावं. अमळनेर, पारोळा, चोपडा भागात कोणाच्या माळ्यावर जुना पेटीचरखा किंवा आजीची टकळी पडली असेल तर भंगारात घालू नका, मला कळवा. चाती वाकलेली असेल, चाकाची माळ तुटलेली असेल तरी चालेल, दोन्ही दुरुस्त होतात.