बोलता येतं का तुला?

आमच्या बिनशब्दांच्या नाटकाचा प्रयोग संपला की मी पेटी भरत बसते. टोपी, छत्री, मोडकी खुर्ची, तिचा सुटा पाय. तेवढ्यात माझ्या कमरेएवढं एखादं माणूस शेजारी येऊन उभं राहतं, जरा वेळ मला निरखतं आणि विचारतं, "तुला बोलता येतं का?"

मोठी माणसं हाच प्रश्न इस्त्री करून विचारतात. "इतकं छान करता, मग थोडे संवाद का नाही घालत?" आजवर मी हसून वेळ मारून नेत आले. शिवाय चेहऱ्यावरचा रंग उतरलेला नसताना तोंड उघडायचं म्हणजे चोरी पकडल्यासारखं वाटतं. पण आता तुम्ही विचारलंतच, म्हणून नीट सांगते.

येतं. घरच्यांच्या मते जरा जास्तच येतं. पन्नास मिनिटं गप्प राहणं हे माझं व्रत नाही, साधनाही नाही. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं म्हणतात. तर माझं दुकान त्या म्हणीच्या नाकावर टिच्चून चाललेलं आहे, इतकंच.

खरं म्हणजे न बोलता नाटक करण्याची हौस सगळ्यांना कलेपोटीच आली असंही नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या जत्रांमध्ये खेळ करणाऱ्या मंडळींवर बोलायची बंदी आली होती. संवाद असलेलं नाटक करायचा हक्क कोमेदी-फ्रांसेझ या सरकारमान्य नाटकघराचा, आणि जत्रेतले खेळ आपलं गिऱ्हाईक पळवतात ही त्याची तक्रार. जत्रेतल्या नटांनी काय करावं? संवाद फलकांवर लिहिले. आधी नट ते खिशातून काढून दाखवायचे, पुढे फलक वरून खाली सोडायला लागले. त्यावर पद्यं असत, चाली सगळ्यांना पाठ असलेल्या. वाद्यं सुरू झाली की नट हातवारे करी आणि गाणं अख्खा प्रेक्षकवर्ग म्हणे. बंदी नटांवर होती, प्रेक्षकांवर नव्हती!

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मोठ्याने हसले होते, कारण मी रोज तेच करते. फरक एवढाच, की माझ्यावर बंदी कोणी घातलेली नाही, ती मी आपणहून घेतली आहे. माझ्या वाटचं समोरच्यांनी बोलावं म्हणून.

आमच्या खेळात एक साधा प्रवेश आहे. मी टोपी पेटीत ठेवते, झाकण लावते आणि पाठ वळवून छत्री झटकू लागते. माझा जोडीदार मांजराच्या पावलांनी येतो, टोपी काढून खुर्चीखाली सरकवतो आणि पसार होतो. मग मी वळते. पुढचे दहा-पंधरा सेकंद मी काहीच करत नाही. पेटीकडे बघते, प्रेक्षकांकडे बघते, पुन्हा पेटीकडे. तोवर सभागृहाचं छप्पर उडालेलं असतं. "पेटीत नाही! खुर्चीखाली! खाली बघ!" काही जण खुर्चीवर उभे, काही बोट दाखवून दमलेले.

पण नीट पाहिलं तर ओरडणारे बहुतेक चारच्या पुढचे असतात. तीन वर्षांचं मूल शांत बसलेलं असतं. त्याला टोपी कुठे आहे ते माहीत आहे, म्हणजे मलाही माहीतच असणार. मी आता खुर्चीकडे जाईन अशी ते वाट बघत असतं. मी पेटीकडे गेले की ते गोंधळतं. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसमोर असाच एक प्रसंग मांडला होता. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता तो परत आला की कुठे शोधेल? लहानग्यांनी चॉकलेट खरोखर होतं तिकडे बोट दाखवलं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी, आणि चुकीची, समजूत असू शकते हे कळायला साधारण चार-पाच वर्षांचं व्हावं लागतं. विदूषकांना हे त्याआधीच ठाऊक असणार, नाहीतर "तुझ्या मागे आहे!" या आरोळीवर इतके खेळ उभे राहिले नसते. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. ते साडेचार वर्षांचं पोर आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसापेक्षा शहाणं झालेलं असतं. अशा वेळी मी तोंड उघडून "अरेच्चा, माझी टोपी कुठे गेली बरं?" म्हणाले, तर तो शहाणपणा मी त्याच्या हातातून काढून घेतला असं होईल. तो प्रश्न त्याला पडायला हवा, माझ्या तोंडून ऐकू येता कामा नये.

याच कारणाने माझं भांडण आहे ते पालकांशी. सगळ्यांशी नाही. जे अंधारात पोराच्या कानाशी लागून धावतं वर्णन करतात त्यांच्याशी. "बघ हं, आता ती बसणार... आता खुर्ची मोडणार बघ..." शब्द नाहीत म्हणजे पोराला कळणार नाही, अशी त्यांना काळजी. प्रत्यक्षात पोराला त्यांच्या आधी कळलेलं असतं. बोलक्या बालनाट्यात मोठे नेहमीच दोन पावलं पुढे असतात. शब्द काढून टाकले की सगळे एका रेषेवर येतात, आणि काही आयांना आणि बाबांना ते सोसत नाही. माझ्याकडे यावर एकच उपाय आहे. आवाज आला की जिथे आहे तिथे थिजायचं आणि त्या दिशेला बघत राहायचं. वर्णन बंद पडेपर्यंत. हशा हमखास येतो, पण तो मला फारसा आवडत नाही.

तसे पालक मला लागतातही. मी पडते तेव्हा पहिल्या रांगेतलं दोन वर्षांचं मूल माझ्याकडे बघतच नाही, ते आईच्या तोंडाकडे बघतं. घाबरायचं की हसायचं, हे तिथून ठरतं. म्हणजे त्या मुलाला हसवायचं तर आधी आईला हसवायला हवं, आणि आई हसायला हवी तर मी जिवंत आहे हे तिला लगेच दिसायला हवं. म्हणून पडल्यावर पहिलं काम म्हणजे मान वर करून प्रेक्षकांकडे एक नजर: लागलं नाही, पण हे काय झालं? ती नजर अर्धा क्षण उशिरा गेली की मागून एक तरी भोकाड ऐकू येतं. आजी-आजोबा मात्र पडण्यावर हसत नाहीत, मी उठते तेव्हा हसतात. एक हात गुडघ्यावर, एक खुर्चीवर, मग थांबणं, मग पुन्हा प्रयत्न. ते त्यांच्या ओळखीचं असतं. आणि तेरा-चौदा वर्षांची मुलं हाताची घडी घालून बसतात. त्यांचं कोणी काही करू शकत नाही.

"पाठांतर नाही म्हणजे सोपंच असेल," असंही ऐकते. प्रयोग पडू नये म्हणून रोज पडायचं, याला सोपं म्हणत असतील तर असेल. पडताना पंजा टेकायचा नाही, मनगट जातं; हनुवटी छातीशी, श्वास बाहेर, आणि अंगाचा मांसल भाग आधी जमिनीला. हे चार महिन्यांत येतं. वेळ लागतो तो साध्या गोष्टींना. दाराला नाक आपटणं घ्या. नाक दारापर्यंत पोचतच नाही. आवाज करतं पाऊल, दाराच्या तळाशी, आणि त्याच क्षणी डोकं मागे उडतं. पाऊल निमिषभर लवकर पडलं तर सगळं खोटं. किंवा ती प्रसिद्ध अदृश्य भिंत. लोकांना वाटतं, ती हातांनी उभी राहते. हात फक्त टेकतात: हवेत सैल असलेला पंजा भिंतीला लागताच सपाट होतो, आणि मग तो हवेतल्या त्याच जागी खिळून राहायला हवा. हलायचं ते बाकीच्या शरीराने. हात बोटभर जरी सरकला तरी भिंत कोसळते, आणि सहा वर्षांच्या मुलाला ते माझ्या आधी दिसतं.

नाट्यशास्त्रात आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे शब्दांचा, आहार्य म्हणजे वेशभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे मनातल्या भावाचा, असे चार अभिनय सांगितले आहेत. वाचिक काढलं की उरलेले तिघे त्याचं काम वाटून घेतात अशी माझी आधी समजूत होती. तसं होत नाही. उलट तिघांनाही कमी करावं लागतं. शिकत असताना मी शब्दांची भरपाई करायला चेहरा इतका वेडावाकडा करायचे की आरशाला दया यावी. पुढे अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटनचे मूकपट पुन्हापुन्हा पाहिले. आईवडिलांबरोबर खेळ करताना लहानपणीच त्याच्या लक्षात आलं होतं, की आपण हसलो की लोक हसत नाहीत. म्हणून तो चेहरा दगडासारखा ठेवायचा. १९२८ सालच्या त्याच्या एका मूकपटात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्याभोवती येते. भिंत खरी, जड. पाऊल इकडेतिकडे झालं असतं तर जीव गेला असता. तो काय करतो? उभा राहतो. बाकी सगळं काम भिंत करते.

आणि ग्रोक. हा स्विस विदूषक पियानो वाजवायला येई, तर स्टूल पियानोपासून लांब. मग तो घाम गाळून पियानो स्टुलाकडे ढकलत आणायचा. यावर मला कितीही वेळ बोलता येईल, पण एवढंच सांगते: तो मूर्ख नाही. त्याने प्रश्न सोडवला आहे. फक्त अवघड बाजूने.

एक उपप्रश्न येतो, बहिऱ्या मुलांसाठी हे चांगलं ना? आहे. ती आली की सगळ्यांबरोबरच हसतात, मागाहून नाही. पण त्यावरून कोणी आमच्या हातवाऱ्यांना बहिऱ्यांची सांकेतिक भाषा म्हणालं की मी दुरुस्ती करते. त्यांची ती खरी भाषा आहे, तिला व्याकरण आहे, तिच्यात थापाही मारता येतात. मी नुसती खुर्चीवरून पडते.

राहता राहिली एक कबुली. मी एकदा बोलले आहे.

मोडक्या खुर्चीचा प्रवेश होता. तिचा पाय ठरल्या क्षणाच्या जरा आधी निसटला, मी चुकीच्या बाजूला गेले आणि कोपर पेटीच्या कडेवर सण्णकन बसलं. तोंडातून गेलं, "आई गं!" तोंड मिटून बुक्क्यांचा मार खाणं हाच माझा पेशा, आणि त्या दिवशी नेमकं तोंड उघडलं. आवाज फार नव्हता, पण सगळीकडे पोचला. कोणीही हसलं नाही. तोवर पडत होती ती कोणीतरी एक टोपीवाली, जिला काही होत नाही. त्या दोन शब्दांनी ती एक बाई झाली, जिला कोपर आहे आणि आई आहे. तिसऱ्या रांगेतून एका मुलीने बातमी दिल्यासारखं जाहीर केलं, "ती बोलली."

मला काही सुचेना. मग मी हळूहळू मान वळवून खुर्चीकडे संशयाने बघितलं. वाकून तिच्या पाठीला कान लावला. बोट नाचवून तिला दम भरला.

"खुर्ची नाही! तू! तू बोललीस!"

मी मान हलवली. नाही. खुर्चीकडे बोट. सगळं सभागृह माझ्याशी भांडत होतं, मोठी माणसंसुद्धा, आणि कोपर ठणकत असताना मी शपथेवर नाकारत होते.

प्रयोगानंतर पेटी भरताना ती तिसऱ्या रांगेतली मुलगी आली. खुर्चीकडे बघितलं, माझ्या कोपराकडे बघितलं, आई मागे आहे का ते बघितलं. मग अगदी जवळ येऊन कुजबुजली, "मी कोणाला नाही सांगणार."