झेंड्याखालचे दोघे

चिनी भाषेत प्रवासाला लागणारं अक्षर आहे 'ल्यू'. आपण लिहितो तसं ते म्हणायचं मात्र नाही. ओठांचा 'ऊ'सारखा चंबू करायचा, आतून 'ई' काढायची आणि आवाज विहिरीत पोहरा सोडावा तसा खाली नेऊन वर आणायचा. हा सराव दार लावून केलेला बरा. कीबोर्डवर त्या स्वरासाठी कळच नाही, म्हणून चिनी माणूस खुशाल 'व्ही' दाबतो. त्यांच्या रोमन लेखनात 'व्ही' नाहीतरी रिकामाच बसलेला असतो.

अक्षर दहा फटकाऱ्यांचं. उजवीकडचं शेपूट काही केल्या लक्षात राहत नाही, कारण आज त्यात कशाचंच चित्र दिसत नाही. पण चीनमधल्या आन्यांग शहरात सापडलेल्या, ३००० वर्षांहून जुन्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर हेच अक्षर बघावं. काठीला फडफडणारा झेंडा आणि त्याखाली एकामागे एक दोन माणसं. ते शेपूट म्हणजे ही माणसं! एकदा कळलं की हात आपोआप वळतो.

मराठी डोळ्यांना ती सरळ दिंडी वाटते. पण हे दोघे निघालेत लढाईला. जुन्या चिनी सैन्यात ५०० जणांच्या तुकडीला 'ल्यू' म्हणत. आजही तिथे ब्रिगेडला हेच अक्षर आहे. घरदार सोडून लांब जायचं ते बहुधा फौजेबरोबरच, त्यामुळे पुढे वाटसरू, धर्मशाळा, पर्यटन सगळं याच झेंड्याखाली आलं. गंमत म्हणजे 'ल्यूयौ', म्हणजे पर्यटन, या शब्दातल्या दुसऱ्या अक्षरातही झेंडा दडलाय. बीजिंगच्या राजवाड्यात छोटा झेंडा उंच धरून चालणारा गाइड आणि त्याच्यामागे एकसारख्या टोप्या घातलेली माणसं बघितली, की सहलकंपन्यांनी नवीन काहीच शोधलेलं नाही हे पटतं.

एकट्या प्रवाशाला मात्र या अक्षरानं 'यीजिंग'मध्ये जागा दिली. त्या प्राचीन शकुनग्रंथातल्या ६४ आकृत्यांपैकी ५६वी 'ल्यू': खाली डोंगर, वर आग. एका ओळीत पाहुण्याला उतरायला जागा मिळते, कनवटीला पैसे असतात, हाताशी नोकर येतो. लगेच पुढच्या ओळीत ती जागा जळते आणि नोकरही जातो. प्रवासविमा निघायच्या कितीतरी आधीचं आहे हे लिखाण.