जाळीतून बोट जाता कामा नये

आमच्या सासवडला अंजिराची राखण म्हणजे पोरांचं काम. पहाटे बागेत जायचं, पत्र्याचा डबा बडवायचा आणि साळुंक्या-बुलबुल उठले की "हाऽऽ हाऽऽ" करत बांधापर्यंत पळायचं. मेलबर्नला घर घेतलं, तर परसात अंजिराचं झाड आयतंच मिळालं. म्हटलं, आता इथे मला कोण काय शिकवणार!

पहिल्याच हंगामात जिरली. इथे अंजीर फेब्रुवारी-मार्चात पिकतं. दिवसा रंगीत लॉरिकीट पोपट, रात्री कुंपणावरून येणारे पॉसम (पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणारे, झाडांवर राहणारे प्राणी) आणि त्यांच्या जोडीला वटवाघळं. कच्ची फळं तोडून अढी घालावी, तर अंजीर झाडावरून उतरवलं की धड पिकतच नाही. आमच्या वाट्याला सात अंजिरं आली. मोजलीत मी.

दुसऱ्या वर्षी गराजमध्ये सापडलेली जुनी, मोठ्या भोकांची जाळी झाडावर सैलसर टाकली. चौथ्या दिवशी सकाळी त्यात एक वटवाघूळ गुरफटलेलं. करडं डोकं, मानेभोवती तांबूस लोकर, आणि मोकळा असलेला एक पंखच हातभर लांब. नवरा कात्री घेऊन निघाला, तेवढ्यात शेजारच्या ग्रीक आजी कुंपणापलीकडून ओरडल्या, "हात लावू नकोस!" इथल्या काही वटवाघळांत रेबीजच्या जातकुळीतला लिसाव्हायरस असतो. त्यामुळे रेबीजची लस घेतलेल्या प्रशिक्षित माणसांनाच बोलवायचं. स्वयंसेवक बाई आल्या, त्याला टॉवेलात गुंडाळलं, जाळी कापली आणि मला शांतपणे सांगितलं की ही जाळी बेकायदा आहे.

व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, १ सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांवरच्या जाळीचं भोक पूर्ण ताणल्यावरही ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरहून मोठं चालत नाही. सोपी खूण म्हणजे बोट आरपार गेलं, तर जाळी बाद. ही करड्या डोक्याची वटवाघळं संरक्षित आहेत. शहरातच यारा बेंडला त्यांची मोठी वस्ती आहे आणि निलगिरीच्या जंगलांच्या परागीभवनात त्यांचा मोठा वाटा आहे. पॉसमलाही कायद्याचं कवच आहे. घराच्या छपरात शिरलेला पॉसम रीतसर पिंजऱ्यात पकडला, तरी पन्नास मीटरच्या आतच सोडावा लागतो. हे ऐकून आबा फोनवर म्हणाले, "म्हणजे चोराला घरातनं काढायचं आन् वट्यावर बसवायचं!"

यंदा बारीक विणीची पांढरी जाळी आणली. पांढरी अशासाठी की रात्री ती वटवाघळांना दिसते. पाइपांचा सांगाडा करून त्यावर ढोलासारखी ताणली आणि खाली बुंध्याला बांधली. आमच्या जातीच्या अंजिराला परागीभवन लागत नाही, म्हणून हंगामभर झाकलं तरी चालतं. शहाणपणा करून उरलेली जाळी भोपळ्याच्या वेलावरही घातली. फुलं भरपूर आली आणि सगळी गळून गेली, कारण मधमाश्याही बाहेरच! मग रोज सकाळी नरफूल तोडून मादीफुलात फिरवायचा उद्योग मागे लागला.

अंजिरं मात्र पाटीभर उतरली. व्हिडिओवर आबांना दाखवायला एक फोडलं, तर आतून मुंग्यांची रांग.

"त्यांना काय कायदा हाय तिकडं?" आबांनी विचारलं.