तुम्ही विचारलंत म्हणून: अशी मुलं बारीकच असतात ना?

माझ्या मुलाला सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे: मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा राहत नाही. फिजिओच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलं की अर्ध्या तासात हा प्रश्न येतोच. कधी वाळपईकडून आलेली एखादी आई विचारते, कधी पेडण्याची आजी. "तुमचा मुलगा आता बरा भरलाय हो. पण सीपीची मुलं बारीकच असतात ना? मग त्याला कुपोषण आहे हे तुम्हाला कळलं कसं?"

खरं सांगायचं तर मला कळलंच नव्हतं. कळलं ते त्याच्या स्प्लिंट बनवणाऱ्याला.

मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. पावलं वाकडी होऊ नयेत म्हणून रोज काही तास प्लास्टिकच्या स्प्लिंट घालायच्या. वाढत्या वयात त्या वर्षभरात तोकड्या पडतात आणि नव्या कराव्या लागतात. आमचा एक पट्टा तुटला म्हणून घेऊन गेले होते. त्यानं मुलाचं पाऊल आत बसवलं, टाच चाचपली, बोटं पाहिली. "ह्या कधीच्या?" मी म्हटलं, दोन चतुर्थ्या झाल्या. पट्टा बदलून देतो म्हणाला आणि माझ्याकडे न बघताच पुढे बोलला, "बाई, ह्याचा पाय वाढलाच नाही." त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? नव्या जोडीचे पैसे वाचले! लिहितानाही लाज वाटते.

रात्री फोनमधले जुने फोटो काढून बसले. आमच्याकडे गोव्यात, डिचोलीला, चतुर्थीत माटोळीखाली (गणपतीवर फळं-फुलं बांधून टांगलेली चौकट) सगळ्या मुलांचा एक फोटो असतोच. चुलत भावंडं दर वर्षी वीतभर वर सरकत होती, आणि माझा मुलगा तीन वर्षं त्याच निळ्या सदऱ्यात. "कपडे कसे टिकतात ह्याचे," असं मीच सासूबाईंना कौतुकानं सांगितलेलं आठवलं.

कुपोषण म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर मेळघाट येतो, वर्तमानपत्रातले फोटो येतात. आमच्या परसात माड, फ्रीजमध्ये मासळी, डब्यात तूप. शिवाय मी दिवसाला चार वेळा, प्रत्येक वेळी सव्वा तास, म्हणजे रोजचे पाच तास वाटी-चमचा घेऊन त्याच्यासमोर बसत होते. जिथं आई पाच तास भरवते, त्या घरात पोर उपाशी कसं असेल? नंतर कळलं की ते पाच तास हेच लक्षण होतं. एका जेवणाला रोजच अर्ध्या तासाच्या वर वेळ लागत असेल, तर मूल पुरेसं गिळत नाही असं धरून तपासावं. मी मात्र तो वेळ माझ्या मायेच्या खात्यात जमा करत होते.

पुढे ज्या डाएटिशियनकडे गेलो, तिनं घरचा अभ्यास दिला. तीन दिवस भरलेली वाटी तोलायची, उरलेलं तोलायचं आणि गळ्यातला लाळेरा भरवण्याआधी नि नंतर तोलायचा. मसाल्यासाठी घेतलेला छोटा काटा होताच. पहिल्याच दुपारी वाटीत 200 ग्रॅम होते. उरले 40. लाळेऱ्याचं वजन वाढलं 70. म्हणजे पोटात जेमतेम 90. लाळेऱ्यात थोडी लाळ असणार म्हणून मी स्वतःला दहा ग्रॅमची सूट दिली, तरी फार तर 100! बरं, हे 90-100 ग्रॅम कशाचे? उकड्या तांदळाच्या पातळ पेजेचे. घट्ट दिलं की ठसका लागतो म्हणून मी पेज पातळ करत गेले होते, आणि पातळ पेजेत बहुतेक पाणीच असतं. वाटी मोठी दिसते, पोट भरल्यासारखं वाटतं, अंगाला काही लागत नाही. आणि पातळ केल्यानं ठसका थांबला होता असंही नाही. अशा बऱ्याच मुलांना पाण्यासारखं पातळ गिळणंच जास्त अवघड जातं.

आता मोजमापाबद्दल, कारण घोळ तिथंच होता. त्याआधीच्या वर्षांत वजन झालं होतं, पण प्रत्येक वेळी वेगळ्या काट्यावर, कधी बूट-स्प्लिंटसकट. उंचीच्या रकान्यात तर कायम एक आडवी रेघ. उभा राहत नाही, पाठीचा कणा वाकलेला, गुडघे पुरते सरळ होत नाहीत, मग मोजायचं कुठून कुठपर्यंत? एका ठिकाणी नर्सनं प्रामाणिकपणे विचारलं, "अंदाजे घालू?"

अंदाजाची गरज नसते. वजनासाठी आधी मी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले, मग एकटी, आणि वजाबाकी केली: 12.8 किलो. सात वर्षं पुऱ्या झालेल्या मुलाचं मध्यम वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 23 किलोच्या आसपास आहे. उंचीसाठी गुडघा आणि घोटा काटकोनात धरून टाचेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर घेतात. आमचं आलं 30 सेंटिमीटर. त्याला 2.69 नं गुणायचं आणि 24.2 मिळवायचे. हे सूत्र 1995 सालचं आहे, सीपी असलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच काढलेलं. उत्तर सुमारे 105. ती आडवी रेघ खोडून तिथं आकडा लिहिला जाताना मी पाहिलं. इतकी वर्षं आमच्याकडे एक इंचपट्टी नव्हती असं थोडंच होतं?

मग दंडाच्या मागच्या बाजूची चिमूट एका चिमट्यासारख्या यंत्रात पकडून तिची जाडी मोजली. अंगणवाडीत दंडाला गुंडाळतात ती हिरव्या-पिवळ्या-लाल रंगाची पट्टी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. ही चिमूट वेगळी, ती कातडीखालची चरबी दाखवते. आमच्या मुलाचे गाल गोबरे होते, अजूनही आहेत, आणि घरच्यांसकट सगळे त्या गालांना फसले. दंड कोणी पाहिलाच नाही, तो कायम बाहीत. उलटंही होतं. चालता-फिरता न येणाऱ्या मुलाला कमी उष्मांक लागतात. नुसतं काट्याकडे बघून तूप-लोणी ओतत गेलं, तर स्नायू तेवढेच राहून चरबी साठते. म्हणून चिमूट मोजायची.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो एका तक्त्याचा, किंवा तो आम्हाला ज्या तऱ्हेनं दाखवला गेला त्याचा. सीपीच्या मुलांसाठी वजनाचे वेगळे तक्ते आहेत. कॅलिफोर्नियातल्या हजारो मुलांच्या नोंदींवरून केलेले, हालचालीच्या पाच पातळ्यांप्रमाणे वेगवेगळे. आमचा मुलगा पाचव्या, म्हणजे सर्वांत अवघड पातळीचा. सहाव्या वर्षी एका डॉक्टरांनी तो तक्ता समोर धरून म्हटलं होतं, "त्याच्यासारख्या मुलांत हा बसतो. काळजी नको." आम्ही हायसं वाटून फोंड्याला देवळात नारळ ठेवून आलो. पण त्या तक्त्यात ती मुलं कशी *वाढली* ते आहे, कशी वाढायला हवीत ते नाही, आणि त्यांतली किती अर्धपोटी होती कोण जाणे. त्याच तक्त्याच्या तळाशी एक गडद पट्टा असतो: ह्याच्या खालच्या वजनांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. आम्हाला रेषा दाखवल्या, पट्टा नाही. बालपोटविकार आणि पोषणाच्या युरोपीय तज्ज्ञ संघटनेनं 2017 मध्ये स्पष्ट सांगितलंय की कुपोषण ओळखायला हे तक्ते वापरू नयेत. चतुर्थीला येणाऱ्या आत्या "अशी मुलं बारीकच असायची गो" म्हणतात तेव्हा मी हसून सोडते. तक्ता तेच बोलत होता, फक्त छापलेल्या कागदावर, म्हणून आम्ही ऐकलं.

रक्त तपासून घेतलं होतं का, हेही विचारतात. घेतलं होतं, हिमोग्लोबिन ठीक होतं, आणि त्यानंही आम्ही निश्चिंत झालो होतो. लोह, ड जीवनसत्त्व वगैरे तपासावंच, फिटच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. पण रिपोर्ट चांगला म्हणजे पोषण चांगलं, असं नसतं.

बाकीच्या खुणा अंगावरच होत्या. मे महिन्यातही गार, निळसर पावलं. माकडहाडाशी लालसर चट्टा, जाता जात नसे. पावसात छातीत कफ, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता. ती घरघर म्हणजे घास चुकीच्या वाटेनं जातोय का, हे वेगळं तपासावं लागतं. काही मुलांना तर ठसकाही लागत नाही आणि घास फुप्फुसाकडे जातो. आणि हसणं. तो हसायचा कमी झाला होता. मला वाटलं, मोठा होतोय.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. नाकातल्या नळीवर काही आठवडे गेले, आहार हळूहळू वाढवला (एकदम वाढवणं धोक्याचं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं), पेजेत नारळाचा रस, वाटलेली डाळ, तूप आलं. दीड वर्षात स्प्लिंट तोकड्या पडल्या.

गेल्या मंगळवारी बाकावर एक नवी आई होती. तिनंही तेच विचारलं. मी उलट विचारलं, मुलीच्या स्प्लिंट कधीच्या? "बदलल्याच नाहीत हो. अजून चांगल्या आहेत." वजनाचा काटा फिजिओच्या टेबलाखाली असतो. आत विचारून तो बाहेर ओढला आणि तिला म्हटलं, आधी मुलीला घेऊन उभी राहा, मग एकटी.