राखाडी पाकीट

आज कळव्याच्या एका मैत्रिणीबरोबर सरकारी दवाखान्यात गेले होते. (तिला विचारूनच लिहितेय.) सहा महिने अंगावरून पांढरं जातंय, संबंधांनंतर रक्त दिसतंय, आणि बाई गप्प. घराजवळच्या डॉक्टरने तपासायच्या आधीच "बाहेर कुणाशी संबंध आहेत का?" असं बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा विचारलं होतं. ती परत गेलीच नाही. मला अजून संताप येतोय.

आज रांगेत तिने केसपेपरच्या घड्या घालून घालून तो काडेपेटीएवढा केला होता. तिथल्या सुरक्षा क्लिनिकच्या (म्हणजे संबंधांतून होणाऱ्या संसर्गांवर उपचार करणाऱ्या सरकारी विभागाच्या) समुपदेशक ताईंनी आधी दार लावलं, पाणी दिलं, मग विचारलं, "कधीपासून त्रास होतोय?" एवढ्यावरच तिला रडू फुटलं.

तपासणी झाली, एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त घेतलं, औषधाचं राखाडी पाकीट मिळालं, तेही फुकट. लक्षणांनुसार अशी 7 रंगांची पाकिटं असतात. नवऱ्यालाही औषध घ्यावं लागणार, नाहीतर पुन्हा तेच. त्याला कसं सांगायचं, हे ताईंनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. क्लॅमिडियासारखा संबंधांतून पसरणारा संसर्ग कित्येक बायकांना कळतसुद्धा नाही, आणि उपचार राहिले तर गर्भनलिकेला इजा होऊन मूल राहणं अवघड होऊ शकतं.

बायांनो, दुखणं अंगावर काढू नका गं. लाज वाटत असेल तर आधी 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत. सोबत हवी असेल तर मला इनबॉक्स करा. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट घ्यायला आम्ही जाणारच आहोत.