क्लास सोडून मोटरी कामून भरता, सर?

लग्नात, सोयरिकीच्या बैठकीत, गंजगोलाईत भाजी घेताना कुणी ना कुणी विचारतंच. "सर, लातुरातला फिजिक्सचा चांगला चालता क्लास सोडून मोटरी भरायच्या दुकानात कामून बसलाव? आणि हेच आपलं काम, हे कळलं कसं?" मोटर भरणं म्हणजे जळालेल्या मोटरीत नव्या तारेचे वेढे घालणं. पहिला प्रश्न टोमणा असतो. दुसरा बहुतेक वेळा स्वतःसाठी असतो. विचारणारा बँकेत असतो नाहीतर झेडपीत, आणि त्याला माझ्याकडून एखादी खूण हवी असते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येणं, एकच धडा बॅचमागून बॅच शिकवताना स्वतःच्या आवाजाचा वीट येणं, हे सगळं होतंच. पण ते स्टाफरूममधल्या प्रत्येकाला होतं. ते अजून शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. कंटाळा ही खूण असती तर अर्धं लातूर ओस पडलं असतं.

मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तो २०१६ चा उन्हाळा सरला. पाऊस दणकून झाला, गावाकडं विहीर भरली आणि आमची पाच हॉर्सची मोटर जळाली. मिस्त्रीनं उघडून दाखवली. दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर, तिसरीची तांब्याची लाली जशीच्या तशी. "येक फेज गेलता, दोनावर वढत ऱ्हायली," एवढंच बोलला. स्टार जोडणीत एक फेज तुटला की सगळा करंट उरलेल्या दोन वाइंडिंगमधून जातो, हे मी फळ्यावर सोडवून दाखवलं असतं. डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

तो स्टेटर, म्हणजे मोटरीचा कॉइली बसवलेला न फिरणारा भाग, मी डिक्कीत घालून वर्गात नेला. इंडक्शनचा धडा चालू होता, फॅरडेचा १८३१ चा शोध. मागच्या बाकांवरची औसा, निलंग्याकडची पोरं उठून टेबलापाशी आली. एक म्हणाला, "सर, आमच्या मोटरीच्या तर तिन्ही काळ्या होत्या." मग तिन्ही का? लोड जास्त झाला, का व्होल्टेज पडलं? तास संपला तरी भांडण चालूच. तसा तास मी त्याआधी घेतला नव्हता.

त्याच आठवड्यात त्या पोराचे वडील आले. ऑफिसात तक्रार न करता थेट माझ्याकडं आले. फीची पावती घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली, ती त्यांनी बाहेर काढलीसुद्धा नाही, नुसती हातात धरली. "सर, माझ्या लेकराचा हात मोटरीत जाऊ नये म्हणून तर हितं घातलंय. आन् तुमीच मोटर घेऊन आलाव?" आवाज चढला नाही. चढला असता तर मलाही बोलता आलं असतं. नीटमध्ये फिजिक्सला १८० मार्क, त्यात जळालेल्या कॉइलीचा रंग कुणी विचारत नाही. मी म्हणालो, परत आणणार नाही. आणलाही नाही.

स्टेटर मिस्त्रीकडं परत द्यायला गेलो आणि तिथंच बसलो. स्लॉटमध्ये कागद बसवायचा, ठरल्या गेजच्या तारेचे वेढे मोजत घालायचे, वरून पट्टी ठोकायची, मग वार्निश. एक वेढा चुकला की पहिल्यापासून. इतकं कंटाळवाणं काम दुसरं नसेल, पण मी घड्याळाकडं बघितलं नाही. खूण म्हणायची तर ही म्हणा. पुढं सुट्टी मिळेल तसा जात राहिलो. नोकरी सुटायला काही वर्षं गेली, घराचे हप्ते होते. धाडसबिडस काही नाही.

क्लासमधला मी मात्र अजून भांडतो. "त्या बापाला उत्तर देता आलं नाही म्हणून पळालास." मी म्हणतो, पळालो असतो तर पुण्याला गेलो असतो, मोटरीतच कशाला येऊन बसलो असतो? तो म्हणतो, हे उत्तर झालं नाही. बरोबर आहे त्याचं.

पैशाचं विचारू नका. पाणी असलं की मोटरी जळतात, विहिरी आटल्या की दुकानात माशा. पोरांच्या तोंडावर काही उमगल्याचं दिसायचं, ते इथं नाही. मोटर चालू झाली की गिऱ्हाईक घासाघीस करतं.

तसेच बाप आता मोटर घेऊन माझ्याकडं येतात. कधी सुट्टीला आलेलं पोरगं सोबत असतं आणि उघड्या मोटरीत डोकावतं. बाप बघत असतो. कधी मी पोराला जवळ बोलावतो, कधी नाही.

माझी लेक यंदा अकरावीला आहे. तिला नीटचा क्लास लावलाय, इथंच, लातुरात. आता ते कामून, हे तेवढं विचारू नका.