८ रात्रींची इटली: सात ठिकाणांची यादी तीन शहरांवर कशी आली

पहिल्या यादीत सात नावं होती. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स-पॉम्पेई आणि अमाल्फीचा किनारा. हातात रात्री ८. सोबत नवरा आणि माझी ६९ वर्षांची आई. तिचे गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. "एवढे पैसे घालून इतक्या लांब जायचं, तर काही राहायला नको," असं घरात प्रत्येकाचं म्हणणं होतं, माझंसुद्धा. शेवटी मुक्काम तीनच शहरांत केले: रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस. आता ओळखीतली दोन-तीन घरं असाच कागद घेऊन बसली आहेत आणि मला फोन करतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते.

शहरांमधलं अंतर नुसत्या गाडीच्या वेळेत मोजलं की सगळं जमेल असं वाटतं. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीनं दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन, रोम ते नेपल्स साधारण सव्वा. एका रविवारी नवऱ्यानं कागदावर खरा हिशोब मांडला. बॅगा भरणं, नाश्ता, हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं, गाडी, नव्या गावात हॉटेल शोधणं, आणि खोली तर बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनच्या आत मिळत नाही. दीड तासाच्या प्रवासाला पाच तास. म्हणजे एकदा मुक्काम हलवला की अर्धा दिवस गेला. सात ठिकाणं म्हणजे सहा वेळा हलणं, म्हणजे तीन दिवस नुसते बॅगा ओढण्यात. आई तो कागद बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यातलं जे दोनदा बघावंसं वाटेल, तेवढंच ठेवा."

अमाल्फी लगेच गेलं. वळणावळणाच्या रस्त्यावरची बस आईला सोसली नसती. मिलान यादीत होतं ते फक्त विमान तिथे उतरतं म्हणून. जाताना रोमला उतरायचं आणि परतताना व्हेनिसहून निघायचं असं तिकीट आखातात विमान बदलून मिळालं आणि मिलानची गरजच संपली. हे तुम्हीही करा. भाडं थोडं जास्त दिसलं तरी परत रोमला यायचे चार तास, ते रेल्वेभाडं आणि एका रात्रीचं हॉटेल त्यात धरून मग तुलना करा. पॉम्पेई सोडताना मात्र जीव तुटला. रोमहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण नेपल्सला गाडी बदलून पुढे आणखी पाऊण तास, मग उन्हात दगडी रस्त्यांवर चालणं आणि तसंच परत. आईसोबत ते नको, असं मीच ठरवलं.

शहरं ठरली, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की वार आधी बघायला हवे होते. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार उघडा, पण त्या दिवशी प्रवेश फुकट असल्यानं गर्दी अफाट. फ्लॉरेन्सची उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा असलेली अकादेमिया ही दोन्ही कलादालनं सोमवारी बंद. आमच्या पहिल्या आराखड्यात व्हॅटिकन रविवारी होतं आणि फ्लॉरेन्सला एकच पूर्ण दिवस, तोही सोमवार. सगळं पुसून पुन्हा मांडलं: गुरुवारी दुपारी रोम, तिथे ३ रात्री, रविवारी सकाळी फ्लॉरेन्स, ३ रात्री, बुधवारी व्हेनिस, २ रात्री, शुक्रवारी विमान. सोमवार मोकळा राहिला तो पिसाला दिला.

रोममध्ये तेर्मिनी स्टेशनजवळ राहिलो. परिसर देखणा नाही, पण विमानतळावरून थेट गाडी ३२ मिनिटांत तिथेच येते आणि मेट्रोच्या अ आणि ब या दोन्ही मार्गिका तिथे मिळतात: अ-नं व्हॅटिकन, ब-नं कोलोसियम. शुक्रवारी व्हॅटिकन, शनिवारी कोलोसियम आणि शेजारचे फोरमचे प्राचीन अवशेष. दोन्हींची तिकिटं घरूनच काढा. कोलोसियमची विक्री साधारण ३० दिवस आधी उघडते आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा ते पासपोर्टवर आहे तसंच लिहा. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईची ओढणी आम्ही दोघींनी आलटून पालटून वापरली. रस्त्यातल्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्या. पण रोमला ३ रात्री कमी पडल्या, हे स्पष्ट सांगते. पँथिऑन या प्राचीन देवळाच्या घुमटातल्या त्या गोल झरोक्याखाली आई अर्धा तास मान वर करून उभी होती, आणि मला सारखं घड्याळ बघावं लागत होतं. पुन्हा गेले तर रोमला ४ रात्री देईन, फ्लॉरेन्सला २.

पिसाचा दिवस मात्र फार छान जमला. फ्लॉरेन्सहून आधी लुक्काला गेलो, सव्वा तासाच्या आसपास. गावाभोवतीची तटबंदी सगळीच्या सगळी शाबूत आहे, वरून ४ किलोमीटरचा सावलीतला सपाट रस्ता. आईनं तिथेच बसकण मारली. लुक्काहून पिसाला अर्धा तास, आणि सान रोस्सोरे स्टेशनला उतरलात तर झुकता मनोरा मुख्य स्टेशनपेक्षा बराच जवळ पडतो. या साध्या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, महिनाभर आधी काढायची गरज नाही. कागदी तिकीट मात्र फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. विसरलात तर दंड. वेगवान गाड्यांचं उलटं आहे: जितकं आधी तितकं स्वस्त, पण स्वस्त तिकीट बहुधा बदलता येत नाही. विमानाच्या दिवशी लांबच्या गाडीचं असं तिकीट काढू नका, रेल्वेचे संप तिकडे अधूनमधून होतात.

फ्लॉरेन्समध्ये एक चूक झाली. खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. जाहिरातीतल्या फोटोंवर गेलो होतो. जुन्या इमारतींत हे सर्रास आहे, शिवाय त्यांचा पहिला मजलाही आपल्यासारखाच तळमजल्याच्या वर असतो. आईला दिवसातून दोनदा जिने चढावे लागले, हे मला अजून टोचतं. सोबत वयस्कर माणूस असेल तर लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्या.

खाण्याचं थोडक्यात. पार्मेजान आणि पेकोरिनो चीज करताना दूध फाडायला जनावराच्या पोटातला पदार्थ वापरतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर मारिनारा पिझ्झा मागा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाहीच. फ्लॉरेन्सला रिबोल्लिता मिळतं, शिळा पाव, पांढरा राजमा आणि पालेभाजीचं दाट सार. मांस नाही ना एवढं विचारून घ्या. आईला ते मेतकूट-भातापेक्षा आवडलं, आणि हे तिच्या तोंडून ऐकणं ही मोठी गोष्ट आहे.

व्हेनिसला सगळे सांगतात की एक दिवस पुरे, रात्री बेटाबाहेर मेस्त्रेला राहा, स्वस्त पडतं. मेस्त्रे गाडीनं दहा-बारा मिनिटांवर आहे हे खरं. पण आम्ही बेटावरच राहिलो आणि संपूर्ण सहलीतला सर्वांत शहाणा निर्णय तोच होता. दुपारी सान मार्कोच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी सातनंतर दिवसाची माणसं परत गेली आणि गल्ल्यांत एकदम आपल्या पावलांचा आवाज यायला लागला. कान्नारेज्जो या भागात कालव्याच्या काठाला आम्ही तिघं बसलो होतो. समोर एक आजी खिडकीतून दोरीवरचे कपडे आत ओढत होत्या, खालून भाजीच्या रिकाम्या पेट्या घेऊन होडी गेली. आई म्हणाली, "इथली माणसं इथे राहतात, हे आत्ता दिसलं."

तिथे हॉटेल निवडताना पूल मोजा. शहरात सुमारे ४०० पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. सांता लुचिया स्टेशनबाहेर पडून डावीकडे, लिस्ता दी स्पान्या रस्त्याला गुल्ये पुलाच्या अलीकडे राहिलात, तर बॅग घेऊन एकही पूल चढावा लागत नाही. विमानतळाची बस पियात्साले रोमाहून सुटते आणि तिथे जाताना पायऱ्यांचा मोठा पूल लागतो. तो टाळायला आम्ही स्टेशनसमोरून बोटीनं एकच थांबा गेलो. तिकीट महाग वाटलं, पण आईनं त्या पाच मिनिटांत ग्रँड कॅनॉल शेवटचा पाहून घेतला.

६ रात्रीच असतील तर दोन शहरं घ्या, रोम आणि फ्लॉरेन्स. दहा-अकरा असतील तर नेपल्सला २ रात्री मुक्काम करा आणि पॉम्पेईला सकाळी लवकर जा. पुढच्या वेळी आम्ही तेच करणार आहोत, आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर.